कुटुंबवाला, विद्यार्थी आणि भाड्याची खोली

एम. ए. साठी मी शहरात आलो ते १९८२ साल होते. कॉलेजपासून दहा मिनिटांच्या अंतरावर एका वाड्यात मागच्या बाजूची खोली रिकामी असल्याचे कळले, म्हणून गेलो. मालकीणबाईंनी पाणी दिले, गाव विचारले, आडनाव विचारले. आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले. त्यावरून त्यांना उलगडा झाला नाही. "म्हणजे मूळचे कोण तुम्ही?" असे त्यांनी विचारले. मी बौद्ध असल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "तसं काही नाही हो, पण आम्ही विद्यार्थ्यांना देतच नाही. फॅमिलीच हवी आम्हाला." पंधरा दिवसांनी त्याच खोलीत माझ्या वर्गातला एक मुलगा राहावयास गेला. तोही माझ्यासारखाच अविवाहित, माझ्यासारखाच विद्यार्थी होता.

सात वर्षांनी मी नोकरीला लागलो होतो, लग्न झाले होते, मुलगी वर्षाची होती. दुसऱ्या एका शहरात खोली शोधीत होतो. पगाराची चिठ्ठी खिशात होती. तेथील मालकांनी सर्व चौकशी केली, आडनावाशी थोडा वेळ थांबले, आणि म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. आम्ही फॅमिली घालीत नाही. विद्यार्थी बरे, वर्षाला जातात."

विद्यार्थी होतो तेव्हा मी कुटुंबवाला नव्हतो म्हणून खोली मिळाली नाही. कुटुंबवाला झालो तेव्हा विद्यार्थी नव्हतो म्हणून मिळाली नाही. हा माझा एकट्याचा अनुभव असता तर तो येथे लिहिण्याचे कारण नव्हते. हे पान वाचणाऱ्या बहुतेकांच्या पदरी असे दोन-चार दरवाजे जमा असतील. मला प्रश्न पडतो तो वेगळा. विद्यार्थी आणि कुटुंबवाला हा भेद घरमालकाच्या व्यवहारात कोठून आला? त्यात खरे किती आणि बहाणा किती? आणि या भेदाला आपल्या चळवळीने काय उत्तर दिले?

भेद अगदीच खोटा नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मालकाचा हिशेब सरळ असतो. कुटुंबवाला भाडे नियमित देतो, घर जपतो. पण एकदा बिऱ्हाड थाटले, मुले शाळेत घातली, की तो हलत नाही. विद्यार्थी रात्री जागतो, मित्र गोळा करतो, भिंतीला खिळे ठोकतो; पण परीक्षा संपली की वळकटी उचलून गावी जातो. शिवाय एका खोलीत चार कॉट टाकल्या तर चौघांचे मिळून भाडे एका कुटुंबाच्या भाड्यापेक्षा जास्त होते. एवढ्यापुरता हा व्यवहार आहे. मात्र या व्यवहाराच्या वहीत आणखी एक रकाना असतो. तो पाटीवर लिहिलेला नसतो आणि तो आधी भरला जातो. तो भरल्यावर इतर कोणत्या रकान्याचे कारण पुढे करावयाचे एवढेच मालकाला ठरवावयाचे असते.

१

बाबासाहेबांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहावे. रामजी सुभेदार मुंबईला आले तेव्हा हे कुटुंब लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले. स्वयंपाक तेथेच, झोपणे तेथेच, अभ्यासही तेथेच. पुढे परळच्या बी. आय. टी. चाळीत पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या दोन खोल्या मिळाल्या. प्लेगनंतर १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याने बांधलेली ही चाळ. प्राध्यापकी, वकिली, वृत्तपत्रे आणि महाडपर्यंतचा लढा या दोन खोल्यांतून चालला. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. भीमराव विद्यार्थी होते, पण कोणत्याही घरमालकाच्या लेखी ते 'विद्यार्थी भाडेकरू' नव्हते. ते एका कुटुंबवाल्या भाडेकरूचे चिरंजीव होते. कामगार वस्तीतल्या चाळीने त्यांना ठेवून घेतले ते त्यांच्या वडिलांच्या भाड्यावर.

१९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे विद्यार्थी म्हणून स्वतंत्र राहण्याची वेळ प्रथमच आली. विद्यापीठाच्या लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे खोलीतले सोबती झाले आणि ही मैत्री जन्मभर टिकली. खोली विद्यापीठाची होती. तेथे राहण्यास विद्यार्थी असणे हीच पात्रता होती.

त्यानंतर चार वर्षांनी, १९१७ साली, शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास आले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. हिंदू खानावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. पारशी धर्मशाळा केवळ पारशांसाठी होती. पारशी नाव नोंदवहीत लिहिण्याची तोड त्यांनी स्वतःच सुचविली आणि तेथल्या रखवालदाराने रोजच्या दीड रुपयावर त्यांना वरच्या मजल्यावर ठेवून घेतले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोन्हीकडे अडचण सांगण्यात आली. शेवटी रात्रीच्या गाडीची वाट पाहात ते सार्वजनिक बागेत बसून राहिले.

या प्रसंगाचा उल्लेख आपण अपमानाचा प्रसंग म्हणून करतो आणि ते बरोबरच आहे. पण घरभाड्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ आणखी स्पष्ट आहे. चांगल्या भाडेकरूकडून मालक ज्या ज्या गोष्टींची अपेक्षा करतो त्या सर्व त्यांच्याजवळ होत्या. नोकरी होती आणि तीही दरबारची. शिक्षण असे होते की त्या शहरात क्वचितच कोणाजवळ असेल. भाडे ते रोजच्या रोज देत होते. गोंगाट नव्हता, थकबाकी नव्हती. तरीही खोली मिळाली ती खोट्या नावावर आणि गेली ती खऱ्या नावामुळे. ज्या समाजातील मित्र न्यूयॉर्कला एका खोलीत राहिला, त्याच समाजातील माणसे बडोद्याला काठ्या घेऊन आली. माणसांच्या स्वभावात फरक होता असे म्हणून भागणार नाही. खोली कोणाच्या मालकीची होती आणि ती कोणत्या नियमाने दिली जात होती, हा फरक होता. एकीकडे संस्थेचा नियम होता, दुसरीकडे जमातीचा हुकूम.

२

बडोद्याचा हा धडा एकट्या बाबासाहेबांना मिळालेला नव्हता. त्याच्या आधीपासून शिक्षणाचा प्रश्न म्हणजे रात्री कोठे झोपावयाचे हा प्रश्न, हे अनेकांना कळून चुकले होते.

एकोणिसाव्या शतकात पुण्याला शिकावयास येणारा गरीब ब्राह्मण मुलगा कोठे राहात असे? एखाद्या वाड्यातील जिन्याखालच्या खोलीत, नातलगाच्या माडीवर, कोणा ओळखीच्याच्या ओसरीवर. जेवणासाठी माधुकरी किंवा सात घरी सात वार. या कष्टांची वर्णने मराठी आत्मचरित्रांतून अभिमानाने आलेली आहेत आणि ते कष्ट खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण ही सर्व व्यवस्था एका जातीच्या आपसातल्या विश्वासावर उभी होती. ओसरी मिळे ती जातीवर, वार मिळे तो जातीवर. ज्याच्या सावलीचा विटाळ होतो त्याला माधुकरी कोण घालणार? गरीब ब्राह्मण विद्यार्थी आणि गरीब महार-मांग विद्यार्थी यांची गरिबी सारखी असेल, पण एकाच्या गरिबीला शहरात शंभर दारे होती, दुसऱ्याच्या गरिबीला एकही नव्हते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे नेमके ओळखले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यापाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ च्या सुमारास मिस क्लार्क यांच्या नावाने वसतिगृह निघाले. जातवार वसतिगृहांनी जातिभेद पक्का केला असा आक्षेप त्यावर घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांनी एका गोष्टीचे उत्तर द्यावे. त्यावेळी कोल्हापूरच्या पेठांतून अस्पृश्य मुलाला खोली देणारे निर्जातीय घरमालक कोठे होते? भेद वसतिगृहाने निर्माण केला नाही. भेद दारोदार होताच. वसतिगृहाने त्या मुलाच्या डोक्यावर छप्पर घातले. सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविण्याचा प्रयत्न पुढे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ पासूनच्या वसतिगृहात केला, तोही घरमालकांच्या भरवशावर नव्हे, स्वतःच्या छपराखालीच.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत शिक्षणप्रसार प्रथम होता आणि त्यासाठी सांगितलेले पहिले साधन होते वसतिगृह. शाळा काढणे हे पहिले साधन का नव्हते? कारण १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला होता. सार्वजनिक शाळा, पाणवठे अस्पृश्यांना मोकळे करावेत असा तो ठराव. अंमलबजावणी झाली नाही ही गोष्ट वेगळी, पण निदान कागदावर शाळेचे दार उघडले होते. खेड्यातला मुलगा मराठी चौथी होऊन इंग्रजी शाळेसाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला येई तेव्हा दिवसाचे पाच तास शाळा त्याला बसवून घेई. उरलेले एकोणीस तास त्याने कोठे काढावयाचे याविषयी कोणताही ठराव नव्हता. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. १९२८ साली स्थापन झालेल्या डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटीचे मुख्य कामही माध्यमिक शाळांतील मुलांसाठी वसतिगृहे चालविणे हेच होते. नाशिकला दादासाहेब गायकवाड आणि शांताबाई दाणी यांच्या कार्यात वसतिगृहाला मोठे स्थान होते. मुलीच्या बाबतीत तर खोली करून राहणे हा पर्यायच नव्हता. घरमालकाची नजर, वस्तीची बोलणी आणि जात, तिन्ही तिच्या वाटेत उभी होती. तिच्यासाठी वसतिगृह नाही म्हणजे शाळा नाही, असा सरळ अर्थ होता.

म्हणून वसतिगृह हे आपल्याकडे परोपकाराचे काम म्हणून जन्मले नाही. गाव-शहरातील भाड्याच्या खोलीने ज्याला बाहेर ठेवले त्याने, किंवा त्याच्या बाजूने कोणी, दिलेले ते उत्तर होते.

३

आता कायद्याकडे वळू. कुटुंबवाला आणि विद्यार्थी हा भेद आज जितका धारदार दिसतो तितका तो पूर्वी नव्हता. त्याला धार आली ती भाडेनियंत्रणाच्या कायद्यातून.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईत भाडेवाढीवर पहिले निर्बंध आले. पुढे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते सर्वसाधारणपणे प्रमाण भाडे ठरले. भाडे देत राहणाऱ्या भाडेकरूला काही ठराविक कारणांखेरीज काढता येईनासे झाले. तो वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबियाला भाडेकरूचा हक्क मिळे. कुटुंबवाल्या भाडेकरूच्या दृष्टीने हा मोठा आधार होता. त्याच्या हातातील भाडेपावती ही केवळ पैसे दिल्याची खूण राहिली नाही. रेशनकार्ड, मुलाचा शाळाप्रवेश, मतदारयादी सर्व ठिकाणी तिचा उपयोग होऊ लागला. पावती म्हणजे शहरातील अस्तित्वाचा दाखला झाला.

मालकांनी यातून वाटा काढल्या. एक वाट पागडीची. दुसरी वाट अशी की भाडेकरू म्हणावयाचेच नाही. 'परवानगीने राहणारा' म्हणावयाचे. इंग्रजी नावाने ज्याला आपण लीव्ह अँड लायसन्स म्हणतो तो हा करार. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्याने राहणाऱ्यांना भाडेकरू मानण्यात आले. दुरुस्ती चांगलीच होती. पण तिच्यात परवानाधारक कोणाला म्हणावयाचे नाही याचीही यादी होती. मालकाच्या राहत्या घरात जागा घेऊन राहणारा पेइंग गेस्ट त्यातून वगळला होता. हॉटेल, लॉजिंग, धर्मशाळा आणि वसतिगृह यांत राहणाराही वगळला होता. म्हणजे कायद्याने कुटुंबवाल्याला हक्क दिला आणि विद्यार्थी ज्या ज्या रूपात शहरात राहतो त्या बहुतेक रूपांत त्याला पाहुणा ठरविले. पाहुण्याला पावती नसते. पाहुण्याने कधी जावयाचे हे यजमान ठरवितो.

१९७३ चा धक्का बसल्यावर मालक कुटुंबाला भिऊ लागले आणि विद्यार्थ्याला पसंत करू लागले. अकरा महिन्यांचे करार याच काळात घरोघरी आले. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, म्हणून अकरा महिने. पुढे १९८७ च्या दुरुस्तीने मुदत संपताच परवानाधारकाला काढणे सोपे केले. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातील चोविसावे कलम हाच मार्ग कायम करते. आज शहरात नव्याने खोली घेणारे कुटुंबही बहुतेक करून अकरा महिन्यांच्याच करारावर राहते. कुटुंबवाल्याचा हक्क विद्यार्थ्याकडे आला नाही. विद्यार्थ्याची अनिश्चितता कुटुंबवाल्याकडे गेली.

या सर्व इतिहासात आपण कोठे होतो? खासगी वाड्यातील पावती आपल्याला क्वचितच मिळाली. मिळाली ती सुधार ट्रस्टच्या, बी. डी. डी. च्या, नगरपालिकेच्या, रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या चाळींत. तेथेही माळे आणि चाळी जातीने वाटलेल्या असत, हे चाळीत वाढलेल्या कोणालाही सांगावयास नको. पण पावती मिळाली. आणि ज्या कुटुंबाकडे पावती होती त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत गावाकडून शिकावयास आलेला पुतण्या, भाचा, शेजारगावचा मुलगा येऊन राहिला. रात्रपाळीला गेलेल्याच्या अंथरुणावर तो झोपला, व्हरांड्यातल्या दिव्याखाली त्याने अभ्यास केला. आपल्यातील पहिल्या पिढीच्या कित्येक पदवीधरांचा पत्ता अशा एखाद्या काकाच्या खोलीचा आहे. सवर्ण घरमालकाच्या जगात कुटुंबवाला आणि विद्यार्थी हे दोन वर्ग होते. आपल्या जगात ते एकाच खोलीत, एकाच पावतीवर राहात होते. त्या काकांना आणि त्यांच्या घरातील बाईला, जिने स्वतःच्या मुलांच्या भाकरीतून एक भाकरी काढून ठेवली, शिक्षणाच्या इतिहासात कोठे जागा मिळालेली नाही.

४

मग खासगी मालकाने जातीवरून जागा नाकारली तर कायदा काहीच म्हणत नाही काय? म्हणतो. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याच्या चौथ्या कलमात कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधणे, मिळविणे किंवा तिच्यात राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा आणणे हा गुन्हा ठरविला आहे. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि दंड. कार्यकर्त्यांनी हे कलम पाठ करून ठेवावे, कारण पोलीस ठाण्यात ते सांगावे लागते.

पण कलम आहे आणि तरीही त्याचा उपयोग होत नाही, याचे कारण पहिल्या परिच्छेदात आलेले आहे. "तुम्ही महार आहात म्हणून खोली देत नाही" असे आज कोणी म्हणत नाही. "आम्ही विद्यार्थ्यांना देत नाही", "आम्ही फॅमिलीला देत नाही", "शाकाहारी हवेत", "कालच गेली", "मुलगा परदेशातून येणार आहे" असे म्हणतात. गुन्हा सिद्ध करण्यास कारण लागते आणि कारण तर सभ्य असते. विद्यार्थी-कुटुंबवाला हा भेद या कामी फार सोयीचा आहे, कारण तो एरव्ही खरा आहे. खऱ्या कारणाइतका चांगला बहाणा दुसरा नसतो.

या बहाण्याचे मोजमाप कसे करावयाचे? सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व तिच्या आसपासच्या शहरांत ते करून दाखविले. एकाच घरासाठी उच्चवर्णीय, दलित आणि मुसलमान अशा नावांनी वेगवेगळी विचारणा करावयाची आणि उत्तरे ताडून पाहावयाची, अशी ती पद्धत. २०१५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. दूरध्वनीवरच शंभर दलितांपैकी सुमारे अठरांना आणि मुसलमानांपैकी सुमारे एकतीसांना सरळ नकार मिळाला होता. उच्चवर्णीय नावाला नकार नव्हता. कित्येकांना जास्त भाड्याची किंवा इतर अटी घालून होकार मिळाला. एकटा माणूस दारातून परततो तेव्हा त्याला वाटते, कदाचित खोली खरेच गेली असेल. तीन माणसे एकाच दारात पाठविली की संशयाला जागा राहात नाही. आपल्या विद्यार्थी संघटनांनी आपापल्या शहरात असे प्रयोग का करू नयेत? त्याला पैसा लागत नाही. वही आणि चिकाटी लागते.

न्यायालयांचा कलही ध्यानात ठेवावा. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. संस्था स्थापन करण्याचे स्वातंत्र्य हा त्यामागचा आधार होता. १९१७ च्या धर्मशाळेतील काठ्या गेल्या, पण जमातीपुरते घर ही कल्पना कायद्याच्या भाषेत अजून उभी आहे.

५

वसतिगृहाने आपल्याला काय दिले, याचा हिशेब केवळ पदव्यांत करू नये. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेल्या महाविद्यालयाभोवती नागसेनवन उभे राहिले. मराठवाड्याच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेली मुले तेथील वसतिगृहांतून राहिली. निजामी राजवटीत ज्यांच्या घरात अक्षर आले नव्हते त्यांच्या मुलांनी तेथे नाटके केली, नियतकालिके काढली, वाद घातले. मुंबईत वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह घ्या. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिच्या कार्यकर्त्यांचा राबता तेथे होता. भाड्याच्या खोलीत "रात्री दहानंतर कोणी यायचे नाही" असा नियम असतो. रात्री दहानंतर जे बोलले जाते त्यातूनच चळवळी होतात. कॉटबेसिसवर विखुरलेला विद्यार्थी मालकाला सांभाळून राहतो. जात झाकून, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो न लावता राहतो. वसतिगृहात तो आपल्या नावाने राहतो. दलित साहित्याची चर्चा करताना हा फरक आपण विसरतो.

अर्थात वसतिगृह म्हणजे स्वर्ग नव्हे. निकृष्ट जेवण, गळकी छपरे, महिनोन्महिने न येणारा निर्वाहभत्ता, अधीक्षकाची मनमानी हे सर्व आपण भोगले आहे. आणि वसतिगृहातला विद्यार्थीही कायद्याने पाहुणाच आहे, हे हैदराबादने दाखवून दिले. तेथील केंद्रीय विद्यापीठातील आंबेडकरी विद्यार्थी संघटनेच्या पाच संशोधक विद्यार्थ्यांना डिसेंबर २०१५ मध्ये वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले. त्यांनी गाद्या आणि बाबासाहेबांची तसबीर घेऊन विद्यापीठाच्या आवारात उघड्यावर मुक्काम केला आणि त्या जागेला वेलिवाडा म्हटले. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरची वस्ती. त्यांच्यापैकी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. खोली काढून घेणे ही शिक्षा किती मोठी असते हे ज्याला दुसरी खोली सहज मिळते त्याला समजणार नाही.

६

आजची स्थिती काय आहे? शिकणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्या प्रमाणात शासकीय वसतिगृहे वाढली नाहीत. ज्यांना त्यांत प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आणली. योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी वर्षाला भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार, असे एकूण ६० हजार रुपये ठरले. योजना नको असे मी म्हणत नाही. तिच्यावर आज कित्येकांचे शिक्षण टिकून आहे. पण निवासाचे २० हजार म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये. एवढ्या भाड्यात पुण्यात किंवा मुंबईत कोणती खोली मिळते हे मंत्रालयातल्या कोणालाही विचारावे.

रक्कम उद्या वाढेल, वाढलीच पाहिजे. त्याहून खोल प्रश्न दुसरा आहे. वसतिगृहाऐवजी पैसे देणे म्हणजे विद्यार्थ्याला पुन्हा त्याच दारात पाठविणे होय. ज्या दाराला पर्याय म्हणून कोल्हापूर, सोलापूर, सातारा, नाशिक, नागसेनवन उभे राहिले, त्या दारात आपला मुलगा आता सरकारी रक्कम घेऊन उभा राहतो आणि मालक त्याला आडनाव विचारतो. भाडे देण्याची ऐपत हा प्रश्न कधीच पुरा नव्हता. बडोद्याला दीड रुपया रोज देणारा माणूस खिशात पैसे असताना बागेत बसला होता. लंडनमध्ये १९२१-२२ च्या काळात बाबासाहेब ज्या घरात भाड्याने राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. त्याचा आनंदच आहे. मात्र विद्यार्थी बाबासाहेबांच्या खोलीचे स्मारक होत असताना आजच्या विद्यार्थ्याची खोली बाजारावर सोडून देता येणार नाही.

तेव्हा मागणी दुहेरी असली पाहिजे. पहिली, प्रत्येक विद्यापीठाच्या व महाविद्यालयाच्या गावी पुरेशी शासकीय वसतिगृहे, आणि वसतिगृहातून काढण्यापूर्वी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेण्याचा लेखी नियम. दुसरी, खासगी खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही कागद. १९९९ च्या कायद्याचे पंचावन्नावे कलम सांगते की भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि असा करार नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाईल. हे कलम किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? अनामत रक्कम बुडविणारा मालक "करारच नाही" म्हणतो तेव्हा मुलगा गप्प बसतो. वास्तविक करार नसणे ही मालकाची चूक आहे. प्रत्येक वसतिगृहाच्या व महाविद्यालयाच्या फलकावर हे कलम साध्या मराठीत लिहून लावावे. शिक्षकांनी प्रवेशाच्या दिवसांत एक तास यासाठी द्यावा.

आणि ज्यांच्याकडे आता स्वतःची घरे आहेत, ज्यांनी वरचा मजला चढविला आहे, अशा आपल्यातील माणसांनाही एक विचारावयाचे आहे. आपल्या दारावरही अलीकडे 'फक्त फॅमिलीसाठी' अशी पाटी दिसू लागली आहे. आपण ज्या काकाच्या अंथरुणावर झोपून शिकलो, त्याने अशी पाटी लावली असती तर? पाटी लावण्यापूर्वी एवढे आठवावे. मग खोली कोणाला द्यावयाची ते ज्याचे त्याने ठरवावे.